विशेष मुलांच्या दातांची निगा : घरातील ब्रशपासून भुलेखालील उपचारांपर्यंत

मूल विशेष आहे असे निदान झाले की पुढची काही वर्षे पालकांची वही फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार आणि न्यूरॉलॉजिस्टच्या तारखांनी भरून जाते. दात या वहीत बहुधा सर्वांत शेवटी, म्हणजे गाल सुजल्यावर येतात. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवरचा ताबा कमी असणे), डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता किंवा अपस्मार (आकडी येण्याचा आजार) असलेल्या मुलाच्या दातांची काळजी कोठून सुरू करावी हे ज्यांना ठाऊक नाही, त्या पालकांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि विशेष शाळांतील शिक्षकांसाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिला दात आल्यावर, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला एकदा दंतवैद्याला दाखवावे हा नियम सर्वच मुलांना लागू आहे. विशेष मुलांच्या बाबतीत तो अधिक काटेकोरपणे पाळायला हवा, कारण सहकार्य करणाऱ्या मुलाची किडलेली दाढ अर्ध्या तासात भरून होते, तर तोंड उघडू न देणाऱ्या मुलासाठी तेवढ्याच कामाला रक्ततपासण्या, भूलतज्ज्ञ, पूर्ण भूल आणि रुग्णालयातील एक दिवस लागू शकतो. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग घरी करायच्या तयारीचा आहे. दवाखान्यातील काम किती सोपे जाईल हे पुष्कळसे त्या तयारीवरच ठरते.

पायरी १ : आपल्या मुलाच्या निदानाचा तोंडाशी काय संबंध आहे ते समजून घ्या

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दात उशिरा येतात. पहिला दात वर्ष-सव्वा वर्षाने किंवा त्याहीनंतर दिसणे त्यांच्यात नवलाचे नाही, आणि काही दात मुळातच तयार झालेले नसतात. या मुलांमध्ये कीड तुलनेने कमी आढळते, परंतु हिरड्यांचा आजार लहान वयातच सुरू होतो आणि झपाट्याने वाढतो. म्हणूनच ‘दात किडलेले नाहीत, मग काळजी कशाला’ हा समज त्यांच्या बाबतीत फसवा ठरतो. ब्रश करताना हिरडीतून रक्त आले तर ब्रश थांबवू नये. ते हिरडी सुजल्याचे लक्षण असते आणि तेथे अधिक नीट सफाईची गरज असते. यांपैकी जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. काही हृदयदोषांत दात काढण्यासारख्या रक्तस्राव होणाऱ्या उपचारांपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडून तसे लेखी घेऊन ठेवावे. मानेच्या वरच्या मणक्यांमधील सांधाही या मुलांत सैल असू शकतो. खुर्चीत मान जोराने मागे किंवा बाजूला वळवू नये, हे दंतवैद्यांना आधीच सांगावे.

सेरेब्रल पाल्सीमध्ये जीभ आणि गालांच्या स्नायूंवर ताबा कमी असल्याने घास तोंडात रेंगाळतो. जठरातील आम्ल वारंवार वर येत असेल तर दातांवरचे आवरण झिजते. पुढचे दात पुढे आलेले असतात आणि पडल्यावर तेच आधी तुटतात. दात खाण्याची सवयही या मुलांत बरीच दिसते. आपल्याकडे मूल दात खाऊ लागले की पोटात जंत झाले असे घरचे ठरवून मोकळे होतात. जंतांचे औषध त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे जरूर द्यावे, पण सेरेब्रल पाल्सीतील दात खाण्यामागे बहुधा स्नायूंचा ताण, झोपेतील अडथळा किंवा कोठेतरी होणारी वेदना असते.

आकडीसाठी फेनिटॉइन हे औषध चालू असेल तर हिरड्या फुगून दातांवर येऊ लागतात. स्वच्छता चांगली ठेवल्यास ही वाढ कमी राहते. ती त्रासदायक झाली तर न्यूरॉलॉजिस्ट औषध बदलण्याचा विचार करू शकतात, मात्र पालकांनी स्वतःहून एकही गोळी बंद करू नये. सोडियम व्हॅल्प्रोएट हे आकडीचे दुसरे औषध घेणाऱ्या काही मुलांत प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, कमी होतात, म्हणून दात काढण्याआधी रक्त तपासून घ्यावे लागते.

स्वमग्नतेमुळे दात स्वतःहून कमकुवत होत नाहीत. तेथे अडचण संवेदनांची असते: ब्रशचा स्पर्श, पेस्टचा झणझणीत पुदिना, फेस, बेसिनच्या दिव्याचा उजेड. याखेरीज ठरावीक चार पदार्थांवरच जगणे आणि घास गालात धरून ठेवणे या सवयी दातांना बाधतात.

पायरी २ : ब्रशच्या आधी स्पर्शाची सवय लावा

तोंड हा शरीराचा अतिशय संवेदनशील भाग आहे. ज्या मुलाला केस विंचरलेले सहन होत नाहीत, त्याच्या तोंडात पहिल्याच दिवशी ब्रश घालू नये. सुरुवात हातापासून करावी. तळहात, खांदा, मान, गाल, ओठांच्या कडा, ओठांची आतली बाजू आणि मग दात, असा प्रवास काही आठवड्यांचा किंवा काही महिन्यांचाही असू शकतो. अनेक मुलांना हलका, गुदगुल्या करणारा स्पर्श नकोसा वाटतो आणि घट्ट, स्थिर दाब मात्र आवडतो. आपल्या मुलाला काय चालते हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट सांगू शकतात. दातांपर्यंत पोहोचल्यावर प्रथम ओल्या मऊ सुती कापडाने, मग कोरड्या किंवा नुसत्या ओल्या ब्रशने, आणि पेस्ट सर्वांत शेवटी, हा क्रम बहुतेकांना मानवतो. ज्या मुलाला चावा घेण्याची प्रतिक्षिप्त सवय आहे, त्याच्या बाबतीत बोट दातांच्या बाहेरच्या बाजूला, गालाच्या आतच राहू द्यावे.

मोजणे हे या टप्प्यावरचे सर्वांत उपयोगी साधन आहे. ‘एक ते दहा, मग झाले’ असे सांगावे, मोठ्याने मोजावे आणि दहा म्हटल्यावर काम अर्धे राहिले असले तरी थांबावे. आपण दिलेला शब्द पाळला जातो हे मुलाला एकदा कळले की पुढे दहाचे वीस करता येतात. बोलण्यापेक्षा चित्रे लवकर समजणाऱ्या मुलांसाठी ब्रश, पेस्ट, वरचे दात, खालचे दात आणि शेवटी आवडीचे खेळणे अशी चित्रांची पट्टी आरशाशेजारी चिकटवावी. वेळ, जागा आणि क्रम रोज तेच ठेवावेत.

मूल रडते म्हणून ब्रश महिनोन्महिने बंद ठेवणे योग्य नाही, आणि चौघांनी हातपाय धरून रोज ब्रश करणेही योग्य नाही, असे माझे मत आहे. दुसऱ्या मार्गाने त्या दिवसापुरते दात स्वच्छ होतात, पण तोंडाजवळ येणारा प्रत्येक हात म्हणजे झटापट असे मूल शिकते आणि ते शिकणे पुढे दंतवैद्याच्या खुर्चीत महागात पडते. आज वरचे पुढचे दात, उद्या खालचे, अशी थोडी-थोडी सफाईही चालेल.

पायरी ३ : रोजचा ब्रश

ब्रश बेसिनसमोर उभे राहूनच केला पाहिजे असे नाही. पलंग, सोफा, चटई, व्हीलचेअर, कोठेही चालते. लहान मुलाचे डोके आपल्या मांडीवर घेऊन बसले की वरचे दातही नीट दिसतात. मोठ्या मुलाच्या किंवा व्हीलचेअरवरील मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीला किंवा पोटाला टेकवावे आणि एका हाताने हनुवटीला आधार द्यावा. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला आडवे करू नये. त्याला बसवून हनुवटी किंचित खाली ठेवावी, म्हणजे लाळ आणि पेस्ट श्वासनलिकेकडे जाण्याची शक्यता कमी होते.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा असावा. मूठ नीट वळत नसेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवावी किंवा छिद्र पाडलेला रबरी चेंडू अडकवावा; मुलाने ब्रश स्वतः धरणे हेही एक शिक्षण आहे, मात्र त्यानंतर मोठ्यांनी एकदा फिरवून घ्यावे. दाताच्या तिन्ही बाजू एकाच फेरीत घासणारे त्रिमुखी ब्रशही मिळतात आणि ज्यांचे मूल जेमतेम अर्धा मिनिट तोंड उघडते त्यांना ते फार उपयोगी पडतात. तोंड उघडे ठेवण्यासाठी जाड दांड्याचा दुसरा ब्रश एका बाजूच्या दाढांमध्ये हलकेच धरून दुसरी बाजू घासता येते. तेथे आपले बोट कधीही घालू नये.

पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसते किंवा फार कमी असते, म्हणून वेष्टनावरील पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग आहेत याचा, आकडा वाचावा. १००० पीपीएमच्या आसपासची पेस्ट कीड रोखण्यास उपयुक्त ठरते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलाला थुंकता येत नसेल तर तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी आणि उरलेला फेस कापडाने टिपावा. चूळ भरता येत नाही म्हणून ब्रश टाळण्याचे कारण नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. तेथील पालकांनी पेस्ट निवडण्यापूर्वी दंतवैद्यांना पाण्याबद्दल अवश्य सांगावे. पुदिन्याची चव सहन न होणाऱ्या मुलासाठी सौम्य चवीची, फेस न करणारी पेस्ट शोधावी, आणि ती मिळेपर्यंत नुसत्या पाण्याने ब्रश करावा. राखुंडी दातांना खरवडते, आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून ती मुलाच्या हिरड्यांना लागणार नाही याची काळजी घ्यावी.

दोन वेळांपैकी रात्रीची वेळ चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. संध्याकाळी मूल थकून चिडचिडे होत असेल तर जेवण झाल्याबरोबर, झोपेची पेंग यायच्या आधीच ब्रश उरकावा.

ज्या मुलांना नळीवाटे अन्न दिले जाते त्यांच्या तोंडात अन्न जात नाही, म्हणून दातांचे काम नाही असे घरी गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात या मुलांच्या दातांवर कठीण थर भराभर साचतो आणि तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. त्यांचा ब्रश अगदी थोड्या, फेस न करणाऱ्या पेस्टने, बसवून आणि शक्य असल्यास लाळ ओढणाऱ्या यंत्राच्या मदतीने करावा.

पायरी ४ : साखर कोठून येते ते शोधा

विशेष मुलांच्या आहारातील साखर डब्यात दिसत नाही, ती औषधांत आणि बक्षिसांत असते. आकडीची, खोकल्याची आणि प्रतिजैविकांची बरीच सिरपे गोड असतात आणि ती वर्षानुवर्षे, रात्री झोपण्याच्या वेळी दिली जातात. साखरविरहित पर्याय किंवा गोळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. दोन्ही शक्य नसेल तर औषधानंतर दोन घोट पाणी पाजावे किंवा ओल्या कापडाने दात पुसावेत, आणि ब्रश औषधानंतर करावा.

थेरपीच्या वर्गात आणि शाळेत प्रत्येक बरोबर उत्तराला चॉकलेटचा तुकडा, जेम्सची गोळी किंवा बिस्किटाचा चुरा देण्याची पद्धत सर्रास आढळते. वीस मिनिटांच्या सत्रात असे दहा-पंधरा तुकडे तोंडात गेले तर दातांवर सतत आम्लाचा मारा होत राहतो, कारण कीड लागण्यात साखरेच्या एकूण वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व असते. थेरपिस्टांशी बोलून बक्षीस बदलून घ्यावे: साबणाचे फुगे, आवडत्या गाण्याचे दहा सेकंद, शिक्का, टाळी, खाण्याचेच हवे असेल तर चुरमुरे, फुटाणे चावता येत असतील तर फुटाणे, किंवा पनीरचा तुकडा. घासाने घशात अडकण्याचा धोका असलेल्या मुलाला दाणे, फुटाणे देऊ नयेत.

चहात बुडवलेले ग्लुकोज बिस्किट, गुळाचा शिरा, दूध-साखर-पोळी हे मऊ पदार्थ चावता न येणाऱ्या मुलांना सोयीचे म्हणून दिवसभर दिले जातात. ते जेवणाच्या वेळेसच द्यावेत आणि मधल्या वेळेला मऊ भात, वरण, उपमा, दही असे काही असावे. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणे बंद करावे. आजी प्रेमाने देते तो लाडू नाकारणे जड जाते. तो जेवणाबरोबर द्यायला सांगितला तर घरात भांडणही होत नाही.

पायरी ५ : दंतवैद्य निवडा आणि आधी फोन करा

बालदंतशास्त्रात एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या दंतवैद्यांच्या प्रशिक्षणात विशेष मुलांचे उपचार हा विषय असतो, म्हणून शक्य तेथे त्यांनाच गाठावे. खासगी उपचार परवडत नसतील तर मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दंतविकारही धरलेले आहेत. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या पथकाला दात दाखवावेत आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (या कार्यक्रमात पुढील तपासणी व उपचारांसाठी असलेल्या जिल्ह्याच्या केंद्राकडे) पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागावी.

फोनवर निदान, चालू औषधे, शेवटची आकडी कधी आली, मूल कसे संवाद साधते, कशाला घाबरते आणि कशाने शांत होते, एवढे सांगावे. सकाळची पहिली वेळ मागावी, कारण ताटकळत बसणे अनेक मुलांना उपचारापेक्षा जड जाते. व्हीलचेअर आत जाते का आणि लिफ्ट आहे का, हेही विचारावे. सरकारी ओपीडीत रांग असतेच. एकाने केसपेपर काढून रांगेत थांबावे आणि दुसऱ्याने मुलाला बाहेर मोकळ्या जागेत फिरवावे.

पायरी ६ : पहिली भेट उपचाराविना

पहिल्या भेटीत शक्यतो काहीच करू नये. दार, माणसे, खुर्ची, दिवा, वास यांची ओळख झाली आणि मूल हसत नाही तरी न किंचाळता बाहेर आले, तर भेट यशस्वी झाली. भेटीआधी घरी टेकून बसणे, तोंड उघडून ‘आ’ करणे आणि चमच्याने दात मोजणे यांची तालीम करावी. दवाखान्याचे, खुर्चीचे आणि डॉक्टरांचे फोटो आधी मागून घेऊन मुलाला रोज दाखवावेत. लहान मुलाला खुर्चीत बसवण्याचीही गरज नसते. पालक आणि दंतवैद्य समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसतात, मुलाचे तोंड पालकाकडे आणि डोके दंतवैद्यांच्या मांडीवर राहते.

दिव्याचा त्रास होत असेल तर गॉगल, आवाजाचा होत असेल तर कान झाकणारे हेडफोन घरूनच न्यावेत. आत एका वेळी एकच माणूस बोलेल हे ठरवून घ्यावे. आई, बाबा, मावशी आणि सहायक सगळेच ‘उघड बाळा’ म्हणू लागले की मूल गोंधळते. दंतवैद्य वस्तूचे नाव सांगतात, ती मुलाच्या नखावर फिरवून दाखवतात आणि मगच तोंडात वापरतात. या पद्धतीला लागणारा वेळ त्यांना द्यावा. ‘अजिबात दुखणार नाही’ असे खोटे आश्वासन देऊ नये. घरी मस्ती केल्यावर ‘डॉक्टर सुई टोचतील’ अशी धमकी देण्याची आपली जुनी सवय तर कायमची सोडावी.

पायरी ७ : उपचारांचे पर्याय समजून घेऊन निर्णय घ्या

‘दुधाचे दात पडणारच आहेत’ म्हणून कीड तशीच ठेवू नये; दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि तोवर त्या दुखतात, सुजतात. मुलाला धोका अधिक असेल तर दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचे वार्निश लावतात. ते काही मिनिटांचे काम असते. दाढांच्या खाचा भरून टाकणारे सीलंटही उपयोगी आहे. लहान कीड सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडच्या थेंबाने, ड्रिल न वापरता थांबवता येते. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि हे आधी माहीत नसलेले पालक नंतर नाराज होतात. मला विचाराल तर मागच्या दाढेवरील काळा डाग हा भुलेपेक्षा केव्हाही स्वस्त सौदा आहे.

सहकार्य थोडे असेल तर काही ठिकाणी नाकावाटे नायट्रस ऑक्साइड हा वायू देऊन मूल जागे पण सैल ठेवतात. मात्र नाकावरचा मास्क सहन होणे त्यासाठी आवश्यक असते. अनेक दाढा किडल्या असतील, गळू झाले असेल आणि मूल तपासूही देत नसेल तर रुग्णालयात पूर्ण भुलेखाली एकाच दिवशी सर्व काम करणे रास्त ठरते. त्यात पालकांनी कमीपणा मानू नये. भूलतज्ज्ञांना हृदय, आकडी, श्वास आणि मागील शस्त्रक्रियांची कागदपत्रे दाखवावीत. सामान्यतः घन आहार आणि दूध सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. आकडीची सकाळची गोळी द्यायची की नाही हे आपल्या मनाने न ठरवता विचारून घ्यावे. कान तपासणे किंवा रक्त घेणे राहिले असेल तर तेही त्याच भुलेत उरकता येईल का, हे आधी विचारावे. टिकण्याची खात्री नसलेल्या दाढेवर वेळ घालवण्यापेक्षा ती काढणे योग्य का, ही चर्चा भुलेपूर्वीच व्हावी.

कागदपत्रे आणि खर्च

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या अक्षमतांचा समावेश आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढून ठेवावे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. तिचे वार्षिक संरक्षण एक लाख रुपयांपर्यंतचे असून त्यात दातांच्या प्रतिबंधक उपचारांसाठीही तरतूद आहे. पावत्या आणि केसपेपर जपून ठेवावेत.

न बोलणाऱ्या मुलाचे दुखणे कसे ओळखावे

‘दात दुखतो’ असे जे मूल सांगू शकत नाही ते वागण्यातून सांगते. एकाच गालावर मारून घेणे, आवडता पदार्थ अचानक नाकारणे, गार पाणी न पिणे, एका बाजूने चावणे, रात्री दचकून उठणे, लाळ अचानक वाढणे किंवा शांत मुलाचे एकाएकी चावरे होणे यांपैकी काहीही नव्याने दिसले तर वर्तनाचे औषध वाढवण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, किंवा सूज डोळ्याकडे वा गळ्याकडे सरकू लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आकडीत किंवा पडून दात निघाला तर तो शोधावा. सापडला नाही तर श्वासनलिकेत गेला नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. कायमचा दात असेल तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्यांकडे न्यावा. दुधाचा दात पुन्हा बसवत नाहीत.

बधिर करण्याचे इंजेक्शन दिले असेल तर दोन-तीन तास ओठ जड राहतात आणि मूल ते गंमत म्हणून चावते. या काळात खायला न देता नजर ठेवावी आणि ओठांत ओल्या कापडाची घडी धरायला द्यावी. दात काढलेली जागा त्या दिवशी सोडून बाकीच्या दातांचा ब्रश रात्रीपासून पुन्हा सुरू करावा, आणि घरी निघण्याआधीच तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून घ्यावी.